गोल्फच्या ९ अंशांच्या ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायच्या क्लबने) चेंडू १८० यार्डांपुढे जात नाही. लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, अजून कमी करू का?

नको. उलट वाढवा. १०.५ वर या, आणि कुणाचा १२ अंशांचा मिळाला तर तोही मारून बघा.

तुम्ही लिहिलंय की स्विंग ताशी ८५ मैलांचा आहे, चेंडू आधी बुटका निघतो, मग मध्येच वर चढतो आणि तिथेच बसतो. पुण्यात बरा जायचा, अलिबागला आल्यापासून दमट हवेत जात नाही. पहिल्या लक्षणात तुमचं सगळं दुखणं आलं. दुसऱ्याचं नंतर बघू.

मीही ९ चाच घेतला होता. कारण सांगायला लाज वाटते: ९ आकडा असला की बॅग बघणाऱ्याला आपण पोहोचलेले वाटतो. टीव्हीवरचे पुरुष प्रो तेवढ्याने मारतात हे खरं, पण त्यांचा स्विंग सरासरी ११३ मैलांच्या आसपास असतो. आपण बघायचं ते एलपीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक महिला दौऱ्यावरच्या, बायकांकडे. सरासरी स्विंग सुमारे ९४ मैल, चेंडू निघतो १३ अंशांवर, आणि कॅरी (जमिनीला टेकेपर्यंतचं हवेतलं अंतर) २१८ यार्ड. त्यांच्या क्लबचं हेड चेंडूला भिडतं तेव्हा साधारण ३ अंशांनी वर चाललेलं असतं. आपलं बहुतेकांचं खाली येत असतं, सगळी गोम तिथे आहे.

थोडा हिशेब करू. ड्रायव्हरच्या बाबतीत चेंडू कुठल्या कोनात निघणार हे ८५ टक्के ठरतं भिडतानाच्या लॉफ्टवर आणि उरलेलं हेडच्या दिशेवर. समजा तुमचं हेड ३ अंश खाली येतंय आणि त्या क्षणी लॉफ्ट ११ आहे. चेंडू निघेल जेमतेम ९ अंशांवर. स्पिन (चेंडूची उलटी फिरकी, तीच त्याला मध्येच वर चढवते) ठरतो लॉफ्ट आणि हेडची दिशा या दोन कोनांमधल्या फरकावर, म्हणजे ११ आणि उणे ३, १४ अंश. आता तेच हेड ३ अंश वर जाऊ द्या आणि लॉफ्ट १६ करा. चेंडू निघेल १४ अंशांवर, आणि फरक उरेल १३. म्हणजे लॉफ्ट ५ अंशांनी वाढवूनही स्पिन वाढला नाही, किंचित कमीच झाला. लॉफ्ट वाढवला की चेंडू फुगतो असं जे रेंजवर ठणकावून सांगतात, ते हेड खाली येत असेल तरच खरं.

वर मारायचं म्हणजे अंग मागे टाकून उचलायचं नव्हे. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत (डावखुरे असाल तर उजव्या), टी (चेंडू ठेवायची खुंटी) इतकी उंच की निम्मा चेंडू हेडच्या वर दिसेल, आणि उभं राहतानाच उजवा खांदा जरा खाली. एवढंच. मला त्याला दोन महिने लागले.

हे मी शिकलो ते घरच्या वाडीत. दोन माडांच्या मध्ये कोळ्यांचं टाकून दिलेलं जाळं बांधलंय. आस (जाळ्याचं भोक) बारीक बघून घ्या, गोल्फचा चेंडू जेमतेम ४३ मिलिमीटरचा असतो. मी पहिलं आणलेलं जाळं मोठ्या आसाचं होतं आणि तीन चेंडू शेजाऱ्यांच्या विहिरीत गेले. टीपासून जाळं मोजून ३ मीटरवर ठेवा. त्यावर दोन सुंभ आडवे ताणा: चेंडूच्या उंचीपासून एक ४२ सेंटिमीटरवर, दुसरा ७५ वर. खालच्या सुंभाला लागला तर चेंडू ८ अंशांवर निघतोय, वरच्याला लागला तर १४ वर. लाँच मॉनिटर (चेंडूचं उड्डाण मोजणारं यंत्र) स्पिनही सांगतो, पण आधी हे फुकटचं करून बघा. माझे पहिले वीसच्या वीस चेंडू खालच्या सुंभाच्या आसपास.

दुसरं, क्लबफेसवर घामोळ्याची पावडर फासा. आपल्या हवेत ती चिकटवावी लागत नाही. चेंडूचा गोल ठसा कुठे उमटतो ते बघा. मध्याच्या अर्धा इंच वर उमटला तर चेंडू उंच निघतो आणि स्पिन कमी लागतो. खाली उमटला की बुटका निघून स्पिन खातो, म्हणजे तुमचं वर्णन केल्यासारखं. फक्त पावडर लावलेल्या फटक्याचं अंतर मोजत बसू नका.

आता दमट हवा. तिच्यावरचा आळ खोटा आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू १८ वजनाचा, नायट्रोजन २८, ऑक्सिजन ३२. दमट हवा कोरड्या हवेहून हलकीच असते. फरक इतका किरकोळ की चेंडूला कळतही नाही. पुणे मात्र ५६० मीटर उंचावर आहे, तिथली हवा विरळ. त्याचे तुमच्या १८० यार्डांत फार तर चार यार्ड. बाकीचं दुपारचा खारा वारा खातो, कारण तुमच्या चेंडूला स्पिन जास्त आहे आणि समोरून वारा आला की असा चेंडू पतंगासारखा वर चढतो. खारघरला सिडकोच्या कोर्सवर जाणार असाल तर सकाळचीच वेळ घ्या.

स्लीव्ह (हेड आणि दांडा जोडणारी नळी) फिरवता येणारा ड्रायव्हर असेल तर एक ध्यानात ठेवा: लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, चेंडू डावीकडे ओढला जातो. स्लाइस करणाऱ्याला, म्हणजे ज्याचा चेंडू उजवीकडे वळतो त्याला, हे पथ्यावर पडतं. हुक करणाऱ्याने, ज्याचा डावीकडे वळतो त्याने, सांभाळून.

मी आता १०.५ वर आहे, पंधराएक यार्ड वाढले. मे महिन्यात जांभ्यावरची जमीन फरशीसारखी कडक असते, चेंडू जरा बुटका मारला तरी रोलवर पळतो. पावसात तो पडतो तिथेच रुततो, कॅरी हीच कमाई. म्हणून आगोट आली की पान्याने स्लीव्ह एक अंश वर फिरवतो, आणि दसऱ्याला परत खाली.