मुलीला मामाने वाढदिवसाला सशांची जोडी आणून दिली. फ्लॅटमध्ये सांभाळायची कशी, की परत करायची?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: मुलगी सहा वर्षांची, कोथरूडला दोन बीएचके, तुम्ही दोघंही नोकरीला, घरी सासूबाई. ससे साधारण तीन महिन्यांचे, पिंजरा बाल्कनीत, आणि दुकानदाराने भावाला "दोन्ही माद्या आहेत, बिनधास्त न्या" असं सांगितलंय. परत करावेत तर मुलगी रडणार आणि भाऊ फुगून बसणार.

ठेवायचे की नाही याचा विचार आठवडाभर करा, त्याची घाई नाही. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. आज झोपायच्या आधी दोघांना वेगवेगळं करा. एकाला पिंजरा, दुसऱ्याला मोठं पुठ्ठ्याचं खोकं चालेल, पण मध्ये जाळी असेल तर जास्त चांगलं. एकमेकांचा वास येत राहिला, दिसत राहिलं, तर नंतर पुन्हा एकत्र आणताना भांडणं कमी होतात.

"दोन्ही माद्या" या वाक्यावर काडीचाही विश्वास ठेवू नका. दुकानदार खोटंच बोलला असेल असं नाही, लहान पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं खरंच अवघड असतं. आमच्याकडचा बंड्या मादी म्हणूनच आला होता. डॉक्टरांनी त्याला मांडीवर उताणा धरला, दोन बोटांनी शेपटीच्या खालचा भाग अलगद दाबला, चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघितलं आणि म्हणाले, "नाव बदला." काम एवढंच, पण सवयीच्या हातांचं. घरी यूट्यूब बघून करू नका. उताणा केलेला ससा घाबरतो, जोरात लाथ मारतो, आणि त्या एका लाथेत त्याचा स्वतःचा मणका मोडू शकतो.

आता घाई का, ते. साडेतीन-चार महिन्यांत ससे वयात येतात. मादीला ठरावीक दिवसांची वाट बघावी लागत नाही, नर आल्यावरच तिचं बीज सुटतं. एकतीस दिवसांच्या आसपास ती विते, चार-सहा पिल्लं सहज होतात, कधी जास्तही. आणि व्यायल्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे गणपतीत दोन असलेले ससे दिवाळीपर्यंत किती होतील हे तुम्हीच मोजा. सोसायटीच्या ग्रुपवर आजकाल "सशाची गोंडस पिल्लं, कुणाला हवीत?" असे मेसेज येतात ना, त्यातल्या बऱ्याच मेसेजांच्या मागे असाच एक "दोन्ही माद्या आहेत"वाला दुकानदार असतो. वयाचा अंदाज चुकला असेल तर कदाचित तुमची मादी आत्ताच गाभण असेल. ती स्वतःच्या अंगाचे केस उपटून गवतात घरटं करायला लागली तर समजून जा. पिल्लं झाली तर आई त्यांच्याजवळ बसत नाही म्हणून घाबरू नका. दिवसातून एकदा-दोनदा, काही मिनिटंच ती पाजते. सशांची रीतच तशी आहे.

आमच्याकडे ससा मुलाच्या मुंजीत आला. पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" असं ठळक छापलं होतं, तरी. तेव्हा भेट देणाऱ्याचा राग कसा येतो हे मला चांगलं माहीत आहे. पण भावाशी भांडून काही होणार नाही. त्याला हौस आहे ना, मग नसबंदीच्या खर्चात त्याला सामील करून घ्या. सशाची किंमत ही या सगळ्यातली सर्वात स्वस्त गोष्ट असते.

डॉक्टर हा पुण्यातला खरा प्रश्न. गल्लोगल्ली क्लिनिकं आहेत, पण बहुतेक कुत्र्या-मांजरांची. औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, शिवाय पक्षी, ससे, कासवं बघणारे खासगी डॉक्टर शहरात आहेत. फोन करताना "ससे बघता का?" एवढंच विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "नसबंदीच्या आधी ससा किती तास उपाशी ठेवायचा?" कुत्र्यासारखं "रात्रीपासून काही देऊ नका" असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे त्या कारणासाठी त्याला रात्रभर उपाशी ठेवायची गरज नाही. उलट पोट रिकामं राहिलं तर त्याची आतडी थंडावतात. आणखी दोन गोष्टी पाठ करून ठेवा. गोचिडा-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर जे औषध सोडतात त्यातलं फिप्रोनिल सशाला विषारी आहे. आणि ॲमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन ही औषधं तोंडाने दिली तर त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मरून तो दगावू शकतो. घरात मुलांसाठी आणलेलं गुलाबी सिरप उरलेलं असेलच. सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा.

नसबंदी दोघांचीही करायची. मादीला न केल्यास पुढे गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण फार आहे. नराचं ऑपरेशन झाल्यावरही काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, त्यामुळे लगेच एकत्र सोडायचं नाही. दोन्ही नर निघाले तर वयात आल्यावर जबर मारामाऱ्या होतात, तिथेही इलाज तोच.

आता खाणं. आपल्या डोक्यात ससा म्हणजे गाजर हे बालवाडीच्या पुस्तकापासून बसलंय. गाजरात साखर भरपूर, ते पेढ्यासारखं, कधीतरी एखादी चकती. सशाचं खरं अन्न गवत. दिवसभर, न संपणारं, सुकं गवत. त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि ते झिजतात गवत चावूनच. टिमोथी नावाचं सुकं गवत ऑनलाइन मिळतं, महाग असलं तरी मोठं पोतं घेतलं की परवडतं. कडब्यावर किंवा भाताच्या पेंढ्यावर भागवू नका, ते खाली अंथरायला ठीक आहे. लसूणघास मिळतो, तो तुमच्या सशांना सध्या चालेल, पण सहा महिन्यांनंतर कमी करत न्या. त्यात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला मुतखड्याचा त्रास होतो. हरळी उत्तम, पण फवारणी न केलेल्या जागेची, आणि कुत्री फिरतात तिथली नको.

भाजी रोज थोडी. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. या बाबतीत पुणं फार सोयीचं आहे. मंडईत संध्याकाळी गेलात तर मुळ्या-गाजराचा पाला विक्रेते असाच देतात, त्यांना तो टाकायचाच असतो. धुऊन, निथळून घाला. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट अजिबात नाही. पोळी, भात, बिस्किट, पाव हेही नाही. इथे सासूबाईंशी थोडी झटापट होईल. "तूप लावलेल्या पोळीचा तुकडा किती आवडीने खातो बघ" हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात. तो आवडीनेच खातो, आणि दोन दिवसांनी पोट फुगतं.

या पोटाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ससे मरतात ते बहुतेक इथे. ससा आजारी पडल्याचं दाखवत नाही. निसर्गात ज्याने दाखवलं तो खाल्ला गेला. त्यामुळे खूण एकच: त्याने खाणं थांबवलं आणि लेंड्या येईनाशा झाल्या. कोपऱ्यात अंग आखडून बसतो, डोळे अर्धवट मिटलेले, जवळ कान नेला तर दात खाल्ल्याचा करकर आवाज येतो. आवडती कोथिंबीर नाकापुढे धरली तरी तोंड फिरवतो. दहा-बारा तास असं गेलं तर ती इमर्जन्सी आहे, "सकाळी बघू" असं म्हणायचं नाही. रोज सकाळी ट्रे साफ करताना लेंड्यांकडे नीट बघायची सवय लावा: किती, केवढ्या, ओल्या की कोरड्या. ऐकायला कसंतरी वाटेल, पण आमच्या घरात चहाबरोबर हाच विषय असतो. द्राक्षाच्या घडासारख्या मऊ, चिकट लेंड्या तो स्वतःच थेट खातो. मुलगी किंचाळेल, पण त्या त्याला खाऊच द्यायच्या, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. लघवी कधी नारिंगी, कधी तांबूस दिसते, ती पाल्यातल्या रंगाने. ससा कुंथत असेल किंवा लघवीत रक्ताचा वेगळा ठिपका दिसला तरच डॉक्टर.

पिंजरा बाल्कनीतून आत घ्या. मांजर आणि घार ही कारणं आहेतच, पण मुख्य कारण ऊन. सशाला घाम येऊन अंग थंड होत नाही, उष्णता बाहेर जाते ती कानांतून. तापमान तिशीच्या पुढे गेलं की त्याला त्रास सुरू होतो, आणि पुण्याचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. दुपारी सगळ्यात थंड खोलीत ठेवा, पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, तो तिला टेकून पडतो. कानांना ओला हात लावा. अंगावर गार पाणी ओतू नका आणि एरवीही आंघोळ घालू नका, धक्क्याने मरतात. थंडीची काळजी नको, पुण्याची थंडी त्यांना आवडते. पावसाळ्यात मात्र गवताला बुरशी धरते. कुबट वास आला की पोतं फेका, जीव हळहळला तरी. मागचा भाग ओला, घाण राहिला तर माश्या अंडी घालून अळ्या पडतात, त्यामुळे पावसाळ्यात रोज बघायचं.

बाकी घरची व्यवस्था सोपी आहे. तळाला तारेची जाळी असेल तर वर पुठ्ठा किंवा चटई टाका, नाहीतर तळपायाला जखमा होतात. बहुतेक ससे एकाच कोपऱ्यात घाण करतात. तिथे प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात वर्तमानपत्र, वर गवत. लेंड्या थेट तुळशीच्या कुंडीत टाका. मोबाइलचे चार्जर आणि वायफायची वायर उंचावर न्या. ही सूचना नाही, विनंती आहे. आणि लपायला एक खोकं हवंच. गणपतीत ढोल-ताशाची पथकं सरावाला लागली की आमचा बंड्या मागचा पाय फरशीवर आपटून सगळ्यांना धोक्याचा इशारा देतो आणि खोक्यात घुसतो. दिवाळीत तर फटाक्यांच्या तासांत खिडक्या लावून आतल्या खोलीतच ठेवावं लागतं.

मुलीबद्दल. सहा वर्षांच्या मुलीने ससा उचलायचा नाही, हा घरचा नियम करा. कानाला धरून तर कुणीच नाही. उचललं की सशाला वाटतं आपल्याला शिकाऱ्याने पकडलं, म्हणून तो ओरबाडतो. तिने जमिनीवर मांडी घालून बसायचं, हातात कोथिंबिरीची काडी, आणि वाट बघायची. तो येतो, वास घेतो, पळतो, परत येतो. पाण्याचं भांडं भरणं आणि पाला निवडणं ही तिची कामं. पण ससा आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे ती दहावीला असेल तेव्हाही तो घरात असेल. तिच्या भरवशावर ठेवू नका. तुमच्या दोघांपैकी कुणीतरी एकाने मनातून "हे माझं काम" म्हटलं नाही तर ठेवूच नका. सासूबाईंना गृहीत धरूनही नाही. त्यांना आधी विचारा.

नाही ठेवायचे ठरलं तर त्यात लाज काही नाही. फक्त तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर "मोकळं" सोडू नका. टेकडीवर दिसतो तो रानससा वेगळा प्राणी, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तुमचा पांढरा ससा तिथे कुत्र्यांच्या तावडीतून एक रात्रही काढणार नाही. शिवाय पाळीव प्राण्याला उपाशी मरायला असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कात्रजचं प्राणिसंग्रहालय म्हणजे नको झालेले ससे नेऊन द्यायची जागा नव्हे. दुकानात परत दिलेत तर पुढच्या शनिवारी ते दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाला जाणार, एवढं गृहीत धरा.

त्यापेक्षा ओळखीतून घर शोधा. जाहिरातीत "फुकट" लिहू नका, फुकट नेणारे सगळे पाळायलाच नेतात असं नाही. घेणाऱ्याच्या घरी एकदा जाऊन या, पूर्वी ससा होता का, डॉक्टर कोणता, हे विचारा. दोघांचं जमत असेल तर जोडी तोडू नका, पण नर-मादी निघाले तर निदान नराची नसबंदी करूनच द्या. आणि सध्या जे गवत खातायत तेच आठवडाभर पुरेल एवढं बरोबर द्या, खाणं एकदम बदललं तर नव्या घरी पहिल्याच दिवसांत पोट बिघडेल.