उत्तर: गल्लीच्या काँक्रीटची वर्गणी नक्की कुणाकुणाकडून घ्यायची?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या पुण्यातल्या धायरीच्या गल्लीतलं २०२३ साल डोळ्यांपुढे आलं. तुमची वाघोलीत १६ प्लॉटची खासगी गल्ली, स्वखर्चाने काँक्रीट करायचं ठरलंय. कोपऱ्यावरचे गृहस्थ म्हणतात, 'माझं गेट मोठ्या रस्त्यावर आहे, मी दमडी देणार नाही.' मागच्या मोठ्या प्लॉटचा मालक मात्र आपणहून हिस्सा द्यायला तयार आहे. कोपऱ्यावाल्यांना पटवायचं कसं, हे तुम्ही विचारलंय. माझ्या मते त्यांचा नाद सोडा. भीती बाळगायची ती आपणहून पैसे देणाऱ्याची.

(मी वकील नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. तुमचे कागद तुमच्या वकिलाला दाखवा.)

आमचे १३ प्लॉट, खर्च ९ लाख ६० हजार. महिनाभर एकाच गोष्टीवर भांडलो: हिस्सा दर्शनी फुटावर (म्हणजे गल्लीला लागून असलेल्या लांबीवर), क्षेत्रफळावर की सगळ्यांना सारखा? दर्शनी फुटाने गेलं की कोपऱ्यावाल्याला दुप्पट पडतं, सारखा धरला की छोट्या प्लॉटवाल्या आजी रडकुंडीला येतात. शेवटी निम्मी रक्कम सारखी आणि निम्मी क्षेत्रफळावर वाटली. ज्यांचं गेट गल्लीत उघडत नाही त्यांना अर्धा हिस्सा. हे सूत्र चाललं, तुम्हीही वापरा. त्यावर चार बैठकांत जेवढा चहा झाला, त्यात एक चेंबर बांधून झाला असता.

घोडचूक दुसरीच होती. ७५ हजार कमी पडत होते. गल्लीच्या टोकाला भिंत, भिंतीपलीकडे एका गृहस्थांचा मोठा प्लॉट, त्याचा अधिकृत रस्ता पलीकडून, ६ मीटरचा. ते म्हणाले, 'शेजारधर्म आहे, मी देतो.' आम्ही खूश! खजिनदार या नात्याने मीच पावती फाडली आणि माझ्याच अक्षरात लिहिलं: 'रस्ता वर्गणी, गल्लीतील प्लॉटधारक.'

आमची गल्ली ९ मीटरची आहे. बांधकामाची उंची आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते, समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. सध्याच्या नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. म्हणजे आमच्या गल्लीत गेट उघडलं की त्या गृहस्थांना जास्त बांधता येणार. पुण्यात ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करण्यावरून एवढा गदारोळ झाला तो त्यासाठीच. ही बातमी मी पेपरात वाचली होती, पण ती आपल्याच भिंतीपलीकडे लागू होते हे डोक्यात आलं नाही.

आठ महिन्यांनी भिंत फुटली आणि तिथे गेट आलं. आम्ही हरकत घेतली तर त्यांनी पावती पुढे केली. आमचे वकील म्हणाले, 'नुसत्या पावतीने वहिवाटीचा हक्क मिळत नाही, तो काळ गेल्यावर मिळतो तर २० वर्षांच्या विनाअडथळा वापराने. पण तुम्हीच त्यांना प्लॉटधारक म्हटलंय, आता ते खोडून काढत बसावं लागेल.' तोवर त्यांचे डंपर आणि काँक्रीट मिक्सर आमच्या नव्या रस्त्यावरून चालू झाले होते. पहिल्या पावसाळ्यातच मधोमध तडे.

मंजूर ले-आउटची प्रत हातात असती तर गल्लीवर कुणाचा हक्क आहे ते आधीच कळलं असतं. पण धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत घेतलेल्या ११ गावांतली. आमचा ले-आउट त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे फाइल नेमकी कुणाकडे हा प्रश्न. एका कार्यालयात मी सात हेलपाटे घातले. 'साहेब मीटिंगला', 'नोंदवही दुसऱ्या इमारतीत', 'तुम्ही सोमवारी या'. सातव्या सोमवारी उत्तर मिळालं, 'हा रस्ता आमच्या यादीत नाही,' तेही तोंडी. घरपट्टीच्या बिलात पथकर मात्र न चुकता येतो! तेव्हा नगरसेवकही नव्हते, प्रशासकाचा कारभार, मग कुणाला गाठायचं? अखेर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकला आणि प्रत मिळाली. पावती फाडल्यानंतर चार महिन्यांनी. तुमचं गाव २०२१ च्या २३ गावांतलं, म्हणजे तुमच्याही नशिबी हेच हेलपाटे असणार. अर्ज आजच टाका, सोमवारची वाट बघू नका.

कायदा यात आपल्यापेक्षा शहाणा आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात खासगी रस्ता नीट करायची नोटीस त्याला लागून असलेल्या जागांच्या मालकांना जाते. नगररचना योजनेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, प्लॉटवरचा अंशदानाचा (योजनेच्या खर्चातल्या हिश्शाचा) बोजा जागेची किंमत जितकी वाढेल त्या प्रमाणात असतो आणि वाढीच्या निम्म्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आम्ही मात्र गेटं मोजत बसलो. आमच्या रस्त्याने सर्वांत मोठा फायदा कुणाचा झाला? ७५ हजारवाल्यांचा. त्या दृष्टीने बघितलं तर आम्ही त्यांना फारच स्वस्तात सोडलं.

तेव्हा मागच्या मालकाचे पैसे घेऊच नका. घ्यायचेच असतील तर आधी नोंदणीकृत करार करा: गेट उघडणार नाही, किंवा उघडलं तर अवजड वाहनं नाहीत आणि दुरुस्तीत अमुक हिस्सा. पावतीवर 'ऐच्छिक देणगी, रस्त्याच्या वापराचा हक्क नाही' एवढं तरी असू द्या. वकील सुचवतील ते शब्द घाला, माझ्या शब्दांवर जाऊ नका.

जाता जाता: काँक्रीटआधी जुना थर खरवडा, नाहीतर रस्ता वर चढतो आणि पावसाचं पाणी पार्किंगमध्ये येतं. केबलसाठी दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. आम्ही टाकले होते, तेवढं एक बरोबर केलं.

आमचा दावा अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. हिस्सावाटपाचा तक्ता हवा असेल तर निरोप टाका, नावं खोडून पाठवतो.