बॅशमध्ये फोल्डर आहे का, हे तपासताना

बॅकअपच्या बॅश (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच शेल) स्क्रिप्टमध्ये तपासणी लिहिलेली असूनही, फोल्डर नसताना ती ‘आहे’ असेच उत्तर देते, अशी आपली अडचण आहे. चौकोनी कंसातील, फोल्डर आहे का हे पाहणारा ‘-डी’ (-d) हा पर्याय योग्यच आहे. चूक आहे ती फोल्डरचे नाव साठवणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे नसण्यात. व्हेरिएबल रिकामे निघाले की, अवतरणचिन्हांअभावी बॅश ते गाळूनच टाकते आणि कंसात एकटा ‘-डी’ उरतो. कंसात एकच शब्द असेल, तर तो रिकामा नाही ना, एवढेच पाहायचे, असा नियम असल्यामुळे ‘-डी’ हा निव्वळ शब्द म्हणून खरा ठरतो आणि फोल्डर तपासलाच जात नाही. ‘जुने फोटो’सारख्या नावात जागा असेल, तर निदान त्रुटीचा संदेश तरी येतो, येथे मात्र सगळे आलबेल दिसते, आणि पुढे जुन्या फाइली पुसणारी ओळ असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

दुहेरी चौकोनी कंस वापरल्यास ही फसगत टळते, परंतु तीच स्क्रिप्ट ‘एसएच’ (sh) या कमांडने चालवली, तर उबुंटूवर ती डॅश या शेलकडे जाते आणि डॅशला दुहेरी कंस कळत नाहीत. म्हणून अवतरणचिन्हांची सवयच बरी. फक्त घरच्या फोल्डरसाठीचे ‘~’ हे चिन्ह अवतरणांच्या आत घालू नये, कारण तेथे ते उलगडत नाही. त्याऐवजी ‘$होम’ ($HOME) लिहावे.

फोल्डर नसल्यास तयारच करायचा असेल, तर मुळात तपासू नये, असे माझे मत आहे. तपासणी आणि निर्मिती यांच्या मधल्या क्षणात दुसरी प्रक्रिया तोच फोल्डर करू शकते. ‘एमकेडिर -पी’ (mkdir -p) ही फोल्डर तयार करणारी कमांड फोल्डर असल्यास मुकाट्याने यशस्वी होते आणि त्या नावाची साधी फाइल असल्यास अपयश कळवते. ते अपयश पाहून स्क्रिप्ट थांबवावी.

आपला बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जातो, हे वाचून एक गोष्ट आवर्जून सांगतो. डिस्क जोडलेली नसली तरी ज्या फोल्डरवर ती माउंट होते, म्हणजे ज्यातून तिच्यातील फाइली दिसतात, तो रिकामा फोल्डर अनेकदा जागेवरच असतो, त्यामुळे ‘-डी’ होकार देते आणि सगळा बॅकअप मूळ डिस्कवरच साठत जातो. तेथे फोल्डरवर डिस्क खरोखर माउंट आहे का, हे पाहणारी ‘माउंटपॉइंट -क्यू’ (mountpoint -q) ही कमांड वापरावी, आणि तिचे उत्तर नकारार्थी आल्यास एकही फाइल कॉपी न करता बाहेर पडावे.