टॅब की स्पेस, टीमच्या कोडमध्ये कोणाचं चालणार?

प्रश्न: आमच्या टीमचा पायथॉन प्रोजेक्ट आहे, सगळ्या फाइल्समध्ये ओळी आत सरकवायला चार स्पेस, मला मात्र सुरुवातीपासून टॅबची सवय. परवा मी एका फंक्शनमधल्या दोनच ओळी बदलल्या पण सेव्ह करताना एडिटरने अख्ख्या फाइलचे टॅब करून टाकले, आणि रिव्ह्यू करणारी मैत्रीण म्हणाली की हे मी वाचणारच नाही. टॅब वापरणं एवढं चूक आहे का?

उत्तर: टॅब चूक अजिबात नाही हो. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये) टॅबच चालतो, तोही आठ अक्षरांएवढा रुंद, आणि गो भाषेचा स्वतःचा फॉरमॅटरही, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्रामही, टॅबच घालतो. पायथॉनची २००१ सालची पेप ८ ही कोड कसा लिहावा याची नियमावली चार स्पेस सांगते, पण आधीपासून टॅबवर असलेल्या कोडमध्ये टॅबच ठेवा असंही तीच सांगते, म्हणजे फाइलमध्ये आधी जे आहे तेच चालवायचं. त्यामुळे इथे मैत्रिणीचंच बरोबर.

आता तुम्ही म्हणाल डिफला, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या गिटच्या कमांडला, डॅश डब्ल्यू (-w) हा पर्याय लावून स्पेसचे बदल लपवता येतात की. येतात, पण पायथॉनमध्ये तेच घातक, कारण इथे इंडेंटेशन, म्हणजे ओळ किती आत आहे, तेच लॉजिक. समजा बदलताना रिटर्नची (फंक्शन तिथेच संपवणारी) ओळ चुकून चार स्पेस आत सरकून फॉर लूपमध्ये गेली, तर लूप पहिल्याच फेरीत संपणार, आणि डॅश डब्ल्यूवाल्या डिफमध्ये ती ओळ बदललेली दिसणारसुद्धा नाही! शिवाय कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये प्रत्येक ओळीवर तुमचं नाव लागतं ते वेगळंच.

तर आत्ता जुनी फाइल परत आणा, त्या दोन ओळी बदला आणि तेवढंच पाठवा. मग प्रोजेक्टमध्ये एडिटरकॉन्फिगची, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरत्या टॅब-स्पेसच्या सेटिंगची, फाइल टाका, म्हणजे तुमचा एडिटर तिथे आपोआप स्पेस घालेल आणि तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये टॅब तसेच राहतील. कधी सगळाच कोड फॉरमॅट करायचा ठरला तर तो कमिट (गिटमध्ये एकत्र नोंदवलेला बदल) वेगळा ठेवा, २०१९ च्या गिट २.२३ पासून असा कमिट ब्लेममधून वगळता येतो.

एका बाबतीत मात्र टॅबसाठी जरूर भांडा. टीममध्ये कोणाला कमी दिसत असेल तर टॅबची रुंदी त्यांना हवी तशी करता येते, आणि ब्रेल डिस्प्लेवर चार स्पेस चार खाने खातात तिथे टॅबचं एका खान्यात भागू शकतं. ही नुसती आवड नाही, ही गरज आहे, आणि त्यासाठी अख्खा प्रोजेक्ट टॅबवर नेणं मला योग्यच वाटतं. पायथॉनचा ब्लॅक नावाचा फॉरमॅटर टॅब घालत नाही पण रफ नावाच्या दुसऱ्या फॉरमॅटरमध्ये ती सेटिंग आहे.