टीममध्ये एकोपा वाढवायला कोणते उपक्रम घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच टीम लीड झालात, हाताखाली नऊ जण आहेत, सगळे हुशार आहेत, भांडणं अजिबात नाहीत, तरी काम रखडतं आणि चुका नेमक्या शेवटच्या दिवशी बाहेर येतात. भांडणं नाहीत हे तुम्ही जमेच्या बाजूला धरलंय. मला विचाराल तर दुखणं तिथेच आहे, म्हणून उपक्रमांची यादी न देता दुसरंच लिहितोय.

मी पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका टीममध्ये होतो. 'माझ्या टीममध्ये कुरबुर नाही' असं आमचे मॅनेजर वरच्यांना दर आढाव्यात अभिमानाने सांगत. रोज सकाळी सगळ्यांनी एक एक्सेल शीट भरायची: काल काय केलं, आज काय करणार आणि शेवटचा रकाना 'अडचण'. एका रिलीजच्या तोंडावर टेस्टिंगमधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीने त्या रकान्यात लिहिलं की महिन्याच्या मधेच नोकरी सोडणाऱ्याच्या शिल्लक रजेचे पैसे दोनदा धरले जातायत. मीटिंगमध्ये तिने स्क्रीनवर उदाहरण काढून दाखवलंसुद्धा. मॅनेजर म्हणाले, "हे आत्ता सुचतंय? इतके दिवस काय करत होतीस?"

ती गप्प झाली. ज्याने तो कोड लिहिला होता तो मूग गिळून बसला, लीडही. तो भाग तिच्याकडे कालच टेस्टिंगला आलाय, असं मी म्हणालो, तर "तू मध्ये पडू नकोस" हे उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी शीट उघडली तर 'अडचण'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही'. पुढचे कित्येक महिने तेच. रिलीज ठरल्या तारखेला गेली. पहिल्याच पगाराला ग्राहकाकडून फोन आला आणि चूक हीच निघाली. मग खापर कोणावर फोडायचं यासाठी मीटिंग. तिने आधीच सांगितलं होतं हे त्या मीटिंगमध्ये कोणी उच्चारू दिलं नाही.

मी केबिनमध्ये जाऊन भांडलो. मॅनेजरांचं म्हणणं, तिने मला एकट्याला सांगायला हवं होतं, सगळ्यांसमोर असं बोललं की टीमचं मनोबल खचतं. मी म्हटलं, मनोबल तिच्या बोलण्याने नाही, तुमच्या उत्तराने खचलं. त्यांना ते पटलं नाही. टीम स्पिरिट कमी पडतंय असं ठरवून त्यांनी सहल काढली. तिथे तो खेळ झाला, डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्याने झेलायचं. तीही पडली, तिलाही झेललं, टाळ्या झाल्या. सोमवारी तिच्या रकान्यात 'नाही'.

त्या वादात माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. नंतर हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचं काम वाचनात आलं. १९९० च्या दशकात त्या हॉस्पिटलमधल्या टीम्समध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती, आकडे उलटे आले. चांगल्या टीम्समध्ये चुकांची नोंद जास्त. तिथली माणसं जास्त चुकत होती असं नाही, त्यांना चूक सांगायची भीती नव्हती. १९९९ च्या त्यांच्या निबंधापासून 'सायकॉलॉजिकल सेफ्टी', म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी आपला अपमान होणार नाही ही खात्री, हा शब्द टीमच्या संदर्भात रुळला. पुढे चांगली टीम कशामुळे होते हे शोधायला गूगलने स्वतःच्या १८० हून अधिक टीम्स तपासल्या, तेव्हाही हीच गोष्ट सगळ्यात वर आली. तुमच्या वरिष्ठांना पटवायचं असेल तर गूगलचं नाव आधी घ्या. ज्या टीममध्ये कधीच अडचण नसते, ती टीम चांगली नाही, घाबरलेली आहे. हे मी तेव्हाही म्हणत होतो.

आता तुम्ही काय करायचं? पुढे मला एक लीड भेटल्या, त्या रोज सकाळी स्वतःची अडचण सगळ्यांच्या आधी लिहायच्या. "कालचा अंदाज माझा चुकला, दोन दिवस जास्त लागतील, कोणाचं काम अडतंय?" इतकंच. कोणी चूक दाखवली की पहिला प्रश्न "अजून कुठे परिणाम होईल?" हा असायचा. कोणामुळे झालं, ते नंतर, आणि तेही एकट्यात. नवीन माणसंसुद्धा महिन्याभरात बोलायला लागली. शिवाय कोणत्या गोष्टीचा अंतिम निर्णय कोणाचा, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं, त्यामुळे वाद व्हायचे पण लोंबकळत राहायचे नाहीत. तुमच्याकडे हे लिहिलेलं नसेल तर याच आठवड्यात लिहा. नऊ जणांत ३६ जोड्या होतात, प्रत्येकाने प्रत्येकाला विचारत बसायचं तर दिवस त्यातच जाईल. शक्य असेल तर कामाप्रमाणे दोन गट करा.

अर्थात, मनमोकळं बोलायचं म्हणजे कोणाच्याही अंगावर जायचं असं नाही. कामावर टीका वेगळी, माणसावर वेगळी, आणि दुसरी सुरू झाली की लीडने तिथल्या तिथे थांबवायची. तारखाच अशक्य असतील तर यातलं काहीही उपयोगाचं नाही, तेव्हा आधी वरच्यांशी तारखांवर बोलावं लागेल. आणि वर्षानुवर्षं गप्प बसलेली माणसं तुम्ही एकदा 'बोला' म्हटल्याने बोलणार नाहीत, ती आधी तुमची परीक्षा बघतील.

सहल हवी तर काढा, ओळखी वाढतात, त्याला माझी ना नाही. पण त्याआधी तुमच्या टीममध्ये बोलता बोलता गप्प झालेलं कोण आहे ते शोधा. बाकीच्यांना नाव ठाऊक असेल. त्या माणसाला भेटा आणि तेव्हा सांगायचं काय राहिलं ते विचारा.