कझाक पत्रकार आणि स्थानिक इतिहासकार म्हणून कोणाबद्दल वाचावं?

अलिखान बुकेइखानोव (१८६६–१९३७). राजकारणी म्हणून ते जास्त माहीत आहेत, पण मला त्यांचं गवताळ माळरानावरचं काम मोठं वाटतं. १८९६ पासून रशियन संख्याशास्त्रज्ञ श्चेरबिना यांच्या पाहणी मोहिमेत त्यांनी कझाक पशुपालकांची कुळं, गुरं, कुरणं यांच्या नोंदी केल्या. खरं तर झारच्या सरकारला ही पाहणी रशियन शेतकरी वसवण्यासाठी जमीन शोधायला हवी होती! पुढे ओरेनबुर्गच्या 'कझाक' वृत्तपत्रात ते 'किर बालासी', म्हणजे 'माळाचं लेकरू', या नावाने लिहीत. १९१७ मध्ये अलाश ओर्दा या कझाकांच्या स्वायत्त सरकारचे प्रमुख झाले. १९३७ मध्ये मॉस्कोत त्यांना गोळ्या घातल्या. निर्दोष ठरायला १९८९ उजाडलं.