जुन्या पोस्टकार्डांना बुरशी लागली तर?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत रंगीत चित्रांची, मागे शाईने मजकूर लिहिलेली जुनी पोस्टकार्डं सापडली. काहींवर पांढरी बुरशी आहे. ती पुसावी का? कार्डं किती जुनी हे कसं ओळखायचं? — एक वाचक, खानापूर

उत्तर : ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका. दौतीची शाई पाण्याने फुटते आणि बुरशी ओलाव्याने कागदात आणखी मुरते. खानापूर-बेळगावकडच्या पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. कोरड्या दिवशी कार्डं टीपकागदावर सुटी मांडून सावलीत, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. उन्हात शाई उडते. वाळल्यावर तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने बुरशी हलकेच झटका. तपकिरी डाग राहतील. ते खरवडू नका.

पीव्हीसीच्या (एक प्रकारचं मऊ प्लॅस्टिक) पाकिटात कार्ड चिकटतं, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवा. लॅमिनेशन, सेलोटेप नकोच.

काळासाठी आधी टपालाचा शिक्का वाचा, मग तिकीट पाहा. तिकिटावर ब्रिटिश राजे सातवे एडवर्ड असतील तर ते १९०२ नंतरचं, पाचवे जॉर्ज असतील तर १९११ नंतरचं. मागची संपूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असेल, तर कार्ड बहुधा विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याआधीचं. दहापट भिंगातून ठिपक्यांची रांगोळी दिसली तर चित्र छापील. सलग छटा दिसल्या तर खरा फोटो.

तिकीट मात्र सोडवू नका. शिक्का, पत्ता आणि मजकूर एकत्र असण्यातच कार्डाचं मोल आहे. मजकूर मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या आणि लिप्यंतर वेगळ्या कागदावर लिहा, कार्डावर नव्हे.